‘ह’च्या गठ्ठ्यात नाही

१. खिडकी

“नाही,” खिडकीतून वाल्मिकराव म्हणाले. “‘ह’च्या गठ्ठ्यात नाही.”

पंकजाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तळेगव्हाण नगरपंचायतीच्या खिडकीपुढं एवढा कालवा असतो की माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. तिनं मान आणखी आत घातली.

“हनुमंत गर्जे, काका, माझे वडील. नव्या घराच्या वायरिंगचा नाहरकत दाखला. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी आईनं अर्ज दिलाय. आठ दिवसांची नोटीस पण संपली.”

“अगं, हनुमंत असो नाहीतर आणखी कोण. नाही म्हणजे नाही. ‘ब’च्या गठ्ठ्यातही बघितलं, तुझ्या आईच्या नावानं. बनुबाई नाही, हनुमंत नाही.”

आता हा दाखला म्हणजे काय चीज आहे, ते ज्यानं नवं घर बांधलंय त्यालाच विचारा. घर बांधलं, वायरिंग झालं, म्हणून लाईट येत नसते. लायसनवाल्या माणसानं वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करायची, तो रिपोर्ट अर्जाला जोडायचा, नगरपंचायतीनं आठ दिवस नोटीस लावायची, कुणाची हरकत नसली तर दाखला द्यायचा, आणि तो दाखला हातात पडल्यावरच लाईनमन मीटर घेऊन दारात येणार. एवढ्या उड्या मारून झाल्यावर फाईलच नाही म्हणे!

आणि इथं लायसनवाला माणूस म्हणजे बाईमाणूस होतं. पंकजा स्वतः. आयटीआय केलं, नगरच्या एमआयडीसीत पाच वर्षं घासली, आणि या दिवाळीच्या तोंडावर स्वतःच्या नावाचं लायसन काढून गावात आली. स्वतःच्या सहीचा पहिला टेस्ट रिपोर्ट तिनं आपल्याच आईबापाच्या घराचा केला होता. अर्ज द्यायच्या दिवशी देवळाली प्रवऱ्याला काम निघालं, म्हणून कागदं आईच्या हातात दिली. तेवढीच काय ती चूक.

“काका, परवा रविवारी टोळी निघतीय,” ती म्हणाली. “आईवडील सहा महिने ऊस तोडायला जाणार. लाईनमन उद्याच आमच्या आळीत आहे, परत येईल तो पंधरा दिवसांनी. आज पाचपर्यंत दाखला मिळाला तरच…”

बनुबाईचं मागणं एवढंच होतं, की जायच्या आधी एकदा आपल्या घरात, आपल्या हातानं बटन दाबायचं. तीस हंगाम तिनं उसाच्या फडाकडेला कोपीत काढले, पाचटाच्या छपराखाली, चिमणीच्या धुरात. ‘येकदा उजेड बघू दे गं पंके,’ ती म्हणायची, ‘मंग सहा म्हैने चिमनी बी ग्वाड लागंल.’

वाल्मिकराव माणूस तिरसट, पण काळजाचा वाईट नाही. त्यांनी आवकचं रजिस्टर उघडलं. “हे बघ तूच. त्या सोमवारी शिबिर होतं, एकशे बारा अर्ज आले. मी मांडवात माईकवर, खिडकीत अकोल्याची शुभांगी, एका दिवसापुरती मागवलेली. त्यात गर्जे किती? गोरक्षनाथ गर्जे. कडूबाई गर्जे. बजरंग गर्जे. मारुती गर्जे. कानिफनाथ गर्जे. संपले. हनुमंत कुठाय यात?”

तळेगव्हाणात निम्मं गाव गर्जे आणि निम्मं खेडकर. आडनावावर फायली लावल्या तर दोनच गठ्ठे व्हायचे, म्हणून वाल्मिकराव पहिल्या नावाच्या अक्षरावर गठ्ठे बांधत. पद्धत चोख होती. त्या चोख पद्धतीत हनुमंत गर्जे नावाचा माणूस अर्ज द्यायला आलाच नव्हता.

“तुझ्या आईनं अर्ज दिलाच नसेल,” वाल्मिकराव हळूच म्हणाले.

पंकजानं पर्समधून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून खिडकीत आपटली. “मग ही पोच काय झाडाला लागली?”

२. चौतीस वर्षं टपाल

बन्सीमामा घरापुढच्या ओट्यावर ग्लुकोजची बिस्किटं चहात बुडवत बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी तळेगव्हाणात टपाल वाटलं. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी अजून कुणाचं काही हरवलं, की शेळी असो वा रेशनकार्ड, गाव आधी मामांकडं येतं. बनुबाईला ते बहीण मानतात, त्यामुळं पंकजाचा हक्क जरा जास्तच.

“चोरली मामा! कुणीतरी फाईल चोरली, आणि रजिस्टरातून नावसुद्धा उडवलं!”

“आधी बस. सुमन, पोरीला पानी दे गं.” मामांनी चष्मा पुसला. “पत्र हरवत नसतं पंके. ते कुणाच्या तरी घरी असतंच. फकस्त घर चुकलेलं असतं. पोच बघू.”

पोच बघायच्या लायकीची राहिलीच नव्हती. बनुबाईनं ती कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या शेजारी खोचली होती, आणि वर दोन दिवस बाजरीची खुडणी केली होती. घामानं शाई पसरली होती. शिक्का दिसत होता, तारीख दिसत होती. आवक क्रमांकाच्या जागी निळा डाग. नावाच्या जागी फक्त शेवटचं तेवढं शिल्लक: ‘…ती गर्जे’.

“श्रीमती गर्जे,” पंकजा म्हणाली. “आईचं नाव टाकलेलं दिसतंय. पण ‘ब’च्या गठ्ठ्यातही नाही.”

मामांनी चिठ्ठी उलटी केली, उजेडाला धरली, परत सुलटी केली. नुसतं “हं” म्हणाले. मग खिशात ठेवून दिली.

“आता सांग. ही फाईल नसली तर कुणाच्या पोटात थंडावा पडंल?”

पंकजाला विचार करावा लागला नाही. “सुनील. आत्तापर्यंत गावातले सगळे टेस्ट रिपोर्ट त्याच्या सहीचे. चहाच्या टपरीवर म्हणाला म्हणे, ‘पंकजाची फाईल पास व्हायची न्हाई.’ आणि काल त्याला लोकांनी नगरपंचायतीतून बाहेर पडताना बघितलं. बगलेत फाईल होती!”

“आणिक?”

“बिभीषणकाका, शेजारचे. आमची तार त्यांच्या कडब्याच्या गंजीवरून जाणार म्हणून त्यांनी अर्जाच्या आधीच लेखी हरकत दिली होती. म्हणाले होते, बघतो कशी लाईट येती ते.”

मामांनी उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं, पायात चपला सरकवल्या आणि सायकल काढली. “चल. साडेबारा झालं. पाचाला खिडकी बंद व्हती.”

३. खाकी पाकीट

सुनीलचं दुकान बसस्टँडला लागून. पुढं पंखे टांगलेले, मागं वायरची बंडलं. मामांना बघताच त्यानं काउंटरवरचं काहीतरी झटकन खाली सारलं. पंकजानं ते बघितलं. मामांनी तर बघितलंच.

“या मामा! या पंकजाताई! चहा सांगू?”

“चहा झालाय,” मामा म्हणाले. “खाकी पाकीट हाय न्हवं ते? लांबडं, सरकारी. असली पाकिटं मी जल्मभर वाटली. घेनाराचं तोंड बघून कळायचं आत काय हाय. तुझं बी दिसतंय.”

सुनीलचा चेहरा पडला. तो पंख्याच्या पात्याशी चाळा करायला लागला.

“तू टपरीवर काय म्हणालास माझ्या फाईलबद्दल?” पंकजाला धीर निघेना.

“आईच्यान ताई, तुमचं नाव मी घेतलंच न्हाई! मी म्हणलो, वाल्मिकरावांच्या खिडकीतून आठ दिवसांत कुणाचीच फाईल पास व्हायची न्हाई. पुढं लोकांनी तुमचं नाव चिकटवलं. गाव हाय, चटणीशिवाय भाकर खात न्हाई कुणी.”

“आणि काल बगलेत कुणाची फाईल होती?”

आता मात्र तो खुर्चीत बसलाच. पाकीट वर काढून त्यानं मामांच्या हातात दिलं. “माझंच लायसन संपलंय, मामा. मुदत संपून महिना झाला. गेल्या आठवड्यात सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस नगरला त्याच कचेरीत बसून होतो, ही बघा तिथली पोच, तारखेसकट. त्रुटी काढून परत पाठवलं. आता माझी सही चालत न्हाई, म्हणून काल माझ्याच गिऱ्हाइकाची फाईल मागं घेऊन आलो. गावाला कळलं तर कोन बोलवंल मला?”

पंकजाचा राग कुठल्या कुठं गेला. तिला उलट वाईट वाटलं.

मामांनी तारीख वाचली, पाकिटाची घडी जशीच्या तशी घातली. “पोष्टमन पाकिटातलं कुनाला सांगत नसतो,” एवढंच ते म्हणाले, आणि सायकलीवर बसले.

“मग बिभीषणकाकाच,” मागं बसत पंकजा म्हणाली. “दुसरं कोण उरलं?”

४. कडब्याच्या गंजीपाशी

बिभीषणकाका म्हशीला पेंड घालत होते. अंगानं आडवे, मिशा उभ्या, आवाज असा की म्हैससुद्धा दचकायची. पंकजाला बघून ते गंजीमागं सरकू लागले. एवढा मोठा माणूस लपणार कुठं?

“बिभीषन,” मामांनी हाक मारली. “हरकत दिल्तीस म्हनं.”

“दिल्ती.” काका जमिनीकडं बघत म्हणाले. “मंग पोरगी आली माझ्याकडं. भांडली न्हाई, काय न्हाई. म्हनली, काका, तार वरून नेतच न्हाई, जमिनीतून पाइपातून नेते. आन् सोता चर खंदला हिनं, उन्हात. माझी म्हस बी बघत हुती. मला लई लाज वाटली बग.”

“मंग?”

“मंग काय, हरकत मागं घ्यायला गेल्तो. ल्हिलं बी हुतं.” त्यांनी बंडीच्या खिशातून चौपदरी कागद काढला. घडीच्या जागी फाटायला आला होता. “पर वाल्मिक म्हनला, हनुमंत गर्जेची फाईलच न्हाई माझ्याकडं, हरकत कशातून मागं घेतूस? मला वाटलं, बरं झालं, सुटलो. पर हिला कुठल्या तोंडानं सांगू, की मी गेल्तो म्हनून?”

मामा ताठ झाले. “थांब. कुठल्या दिवशी गेल्तास?”

“मंगळवारी. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी. हापिस उघडताना. अजून झाडू चालला हुता.”

अर्ज सोमवारी दुपारी दिलेला. मंगळवारी झाडू मारायच्या वेळेला हनुमंत गर्जेची फाईल नव्हती. म्हणजे जे काही झालं ते सोमवारी संध्याकाळपर्यंत झालं. सुनील तेव्हा नगरला. बिभीषणकाका तर स्वतःच फाईल शोधत गेलेले. आणि फायलींच्या कपाटाची किल्ली गावात एकाच माणसाच्या करगोट्याला असते.

“मामा,” तिचा आवाज खाली आला. “वाल्मिककाका?”

मामा मात्र हसत होते. मिशीतल्या मिशीत, आवडीचं पत्र पोचवायला निघाल्यासारखे.

“वाल्मिकला रजिस्टरातलं नाव खोडायचं असतं तर खाडाखोड दिसली असती. दिसली तुला?”

“नाही. पानं स्वच्छ होती.”

“मंग नाव खोडलंच न्हाई कुनी. पंके, तुझी फाईल चोरीला गेल्याली न्हाई. ती हनुमंताच्या नावानं कंदीच आल्याली न्हाई. आता येकच प्रश्न इचारायचाय. आन् तो तुझ्या आईला.”

५. एकच प्रश्न

नव्या घरापुढं हनुमंत बसला होता, कोयत्याला धार लावत. विटांना अजून गिलावा नव्हता, पण दारावर पंकजानं बसवलेला दिव्याचा होल्डर पांढराशुभ्र चमकत होता. बल्ब आत्ताच लावून ठेवलेला. बनुबाई रोज तो पदरानं पुसायची.

“अवं, ऐकलं का,” ती आतून म्हणाली, “बन्सीदादा आल्यात. घोंगडी टाका.”

बाप घोंगडी आणायला उठला. आई बाहेर आली, लेकीचं तोंड बघितलं आणि काय ते समजली. “न्हाई गावली व्हय?” तिनं विचारलं. मग स्वतःच पुढं म्हणाली, “जाऊ दे बाई. येवढं काय त्यात. पुढल्या साली बघू की.” असं म्हणून ती बल्बकडं बघायला लागली, तेव्हा पंकजाला हुंदका आवरेना.

“बनूताई,” मामांनी आवाज मऊ केला, “त्या सोमवारचं सांग. खिडकीत पोरगी हुती. पुढं?”

“लई गर्दी हुती दादा. मागनं ढकलाढकल. पोरगी बिचारी मान वर करंना. कागदं घेतली आन् म्हनली, मालकाचं नाव सांगा.”

“मंग तू काय सांगितलंस?”

बनुबाईनं पदर डोक्यावर ओढला. “सांगितलं की.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं म्हनते न्हवं!” ती चक्क लाजली. पन्नाशीला आलेली बाई, कोयत्यानं ऊस भुईसपाट करणारी, नव्या नवरीसारखी दाराआड झाली. मामा दाराशी गेले, कान पुढं केला. बनुबाई त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली.

मामांनी एक क्षण डोळे मिटले. मग असे हसायला लागले, असे हसायला लागले, की चष्मा काढून घोंगडीवर ठेवावा लागला.

“काय झालं काय?” हनुमंत कोयता हातात धरून विचारत राहिला. “मला बी सांगा की!”

“तुला तर शेवटाला सांगीन,” मामा म्हणाले. “पंके, सायकल काढ. चार वाजून गेलं.”

६. ‘म’चा गठ्ठा

पाचाला वीस मिनिटं कमी असताना दोघं खिडकीशी पोचली. वाल्मिकरावांनी दार अर्धं ओढून घेतलं होतं.

“बन्सीदादा, तुम्ही तरी समजावा हिला. मी सगळं कपाट…”

“सगळं न्हाई बघितलं,” मामा म्हणाले. “ही पोच बघ. काय ल्हिलंय?”

“‘ती गर्जे’. श्रीमती असणार.”

“श्रीमती असती तर मधी नाव नको? श्रीमती बनुबाई गर्जे. ‘ती’च्या पुढं लागून ‘गर्जे’ हाय, मधी मुंगी जायला जागा न्हाई. म्हंजी ‘ती’ हे नावाचंच शेवटचं अक्षर. आता रजिस्टर काढ. त्या दिवशीच्या गर्ज्यांत ‘ती’वर संपनारं कोन?”

वाल्मिकरावांचं बोट पानावरून खाली आलं. “गोरक्षनाथ… कडूबाई… बजरंग… मारुती. मारुती गर्जे.”

“सांग बरं, कोन हाय हा मारुती गर्जे?”

“असेल कुणीतरी. गावात गर्जे काय कमी आहेत?”

“मी चौतीस वर्षं ह्या गावाचं टपाल वाटलं, वाल्मिक. बजरंग गर्जे टायरचं दुकान चालवतो. गोरक्षनाथ मुकादम हाय. कडूबाई गिरणीवाली. कानिफनाथ मिल्ट्रीतनं आलाय. मारुती गर्जे एकच हुता, आन् त्यो वारला त्याला बारा वर्षं झाली. तेराव्याची पत्रं मीच वाटली. मेलेला मानूस लाईट मागायला आला कसा?”

वाल्मिकरावांचं बोट त्या नावावरच थांबलं.

“आता ऐक. खिडकीत अकोल्याची नवी पोरगी, म्होरं एकशे बारा मान्सं. ती म्हनती, मालकाचं नाव सांगा. पुढ्यात उभी बनूताई. जिनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं न्हाई. ‘ह्ये’, ‘अवं’, ‘पंकीचा बाप’. सरकार मागतंय म्हनून का ती नाव घील? मंग तिनं काय केलं? कोडं घातलं! म्हनली, ‘अंजनीमातेचं ल्येकरू, लंका जाळली न्हवं ज्यानं, त्याचं नाव.’ पोरगी म्हनली, ‘मारुती का?’ आन् आमची बनूताई म्हनली, ‘व्हय व्हय, त्योच!’ तिच्या मनानं देव येकच की. पोरीनं रजिस्टरात मारुती ल्हिलं, पोचेवर मारुती, कव्हरावर मारुती, आन् पुढल्या मानसाला हाक मारली.”

“अहो पण आत आधार कार्ड, अर्ज, सगळ्यावर हनुमंत असणार!” वाल्मिकराव ओरडले.

“आत कोन बघतंय? तू फकस्त कव्हर बघून गठ्ठ्यात घालतोस. वरच्या मजल्यावरचे फकस्त आतली कागदं बघून सही करत्यात, ते कव्हर बघत न्हाईत. काढ ‘म’चा गठ्ठा.”

वाल्मिकराव कपाटाकडं जवळजवळ पळालेच. पण ‘म’च्या गठ्ठ्यातही मारुती गर्जे नव्हता. घड्याळात पाचाला सात मिनिटं कमी होती.

“थांबा!” वाल्मिकरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “थांबा थांबा थांबा.” टेबलाच्या कोपऱ्यात पाण्याच्या तांब्याखाली तीन-चार फायली होत्या. तयार झालेले, पण न्यायला कुणी न आलेले दाखले. वरचीच फाईल त्यांनी ओढली. कव्हरावर ठसठशीत अक्षरात: मारुती गर्जे. “काल सकाळपासून मी हाका मारतोय. मारुती गर्जे, मारुती गर्जे! सकाळी तू खिडकीशी आलीस त्याच्या आधी दोनदा मारली!”

“हो,” पंकजाला आठवलं. “ऐकली होती मी.”

आत हनुमंताचा फोटो होता. पंकजाच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट होता. आणि सगळ्यात वर ‘हनुमंत गर्जे यांस’ म्हणून लिहिलेला, सहीशिक्क्याचा नाहरकत दाखला. कुणाचीही हरकत नाही. बिभीषणकाकांची सुद्धा चुकून दुसऱ्याच फाईलला लागली असणार, कारण हनुमंताची फाईल तर नव्हतीच!

पंकजा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. वाल्मिकराव मात्र कव्हरावरचं मारुती खोडून, जीभ दाताखाली धरून, सुवाच्य अक्षरात हनुमंत लिहीत होते. खरं तर आता त्याची काही गरज नव्हती.

७. बटन

शनिवारी दुपारी मीटर बसलं. पण भर उन्हात बल्ब लावून काय बघायचं? सगळे तिन्हीसांजेची वाट बघत ओसरीवर जमले. बिभीषणकाका म्हशीच्या दुधाची चरवी घेऊन आले, आणि तो चौपदरी कागद त्यांनी सगळ्यांदेखत पंकजाच्या हातात दिला. सुनील आला, तो तीन घरांचे पत्ते लिहूनच आला. “लायसन येईस्तोवर ही कामं तुम्ही घ्या ताई,” तो म्हणाला. “गावाला मीच सांगितलं सकाळी. टपरीवर. लपवून छाती फुटायची वेळ आल्ती.” वाल्मिकरावही आले, हातात पेढ्यांचा पुडा, आणि आल्या आल्या भिंतीवरच्या जोडण्या तपासल्यासारखं करायला लागले.

हनुमंताला एव्हाना सगळी हकीकत कळली होती. सकाळपासून गावातला जो तो त्याला मारुतीराव म्हणत होता.

दिवस बुडाला. बनुबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि बटनाशी उभी राहिली. पंकजानं तिचं बोट धरून नेमक्या जागी ठेवलं.

“थांबा!” बन्सीमामांच्या सुमनमामी पुढं झाल्या. “असं न्हाई. येवढा घोळ केलास, आता नाव घेतल्याबिगर बटन दाबायचं न्हाई!”

“व्हय व्हय!” सगळ्यांनी एकच गिल्ला केला. “नाव! नाव!”

“अगंबाई,” बनुबाई म्हणाली. “लग्नात घेतलं न्हाई ते आता घ्यायचं व्हय?” लग्नात ती नाव घ्यायच्या वेळी मांडवातून पळून गेली होती, हे हनुमंतानं गावाला तीस वर्षांत तीनशे वेळा सांगितलेलं. तो कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून, पण कान इकडंच.

बनुबाईनं एकवार छताकडं बघितलं, एकवार लेकीकडं. डोळे मिटले.

“कोपीत काढली तीस सालं, चिमनीची जळत वात,” ती म्हणाली. आवाज कापला, मग सावरला. “हनुमंतरावांचं नाव घेते, लेकीच्या बटनाला लावून हात!”

खट्.

आणि घरभर उजेड झाला. उघड्या विटा, कोपऱ्यातले दोन धारदार कोयते, बांधून ठेवलेलं बोचकं, सगळं सगळं लख्ख दिसायला लागलं. माणसं टाळ्या वाजवायला लागली. बनुबाई हातानं डोळ्यांवर आडोसा करून बल्बकडं बघतच राहिली. पंकजानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि खुशाल रडून घेतलं.

हनुमंत पुढं आला. नेहमीचा खोडसाळपणा त्याच्या मदतीला धावून आला.

“मला न्हाई बा ऐकू आलं,” तो म्हणाला. “लोकं लई वरडत हुती. परत म्हन.”

बनुबाईनं त्याच्याकडं रोखून बघितलं. मग बटनावरचं बोट उचललं नाहीच. बंद केलं, चालू केलं, आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हनुमंत!” पुन्हा बंद, पुन्हा चालू. “हनुमंत!” पुन्हा बंद, पुन्हा चालू. “हनुमंत! झालं? आता तरी ऱ्हावा उजेडात!”